आमचे दोन पासपोर्ट

लेखक एकटा असून स्वतःस ‘आम्ही’ कां म्हणवितो, असा प्रश्न आमचे एक चिकित्सक स्नेही आम्हांस वारंवार विचारीत असत. त्या वेळीं संपादकांच्या जुन्या वहिवाटीकडे बोट दाखवून आम्ही सुटका करून घेत असूं. आतां तशी पळवाट शोधण्याचें कारण उरलें नाहीं. सन २००६ पासून आम्ही कायद्यानेंच अनेकवचनी झालों आहों. देह एक, चष्मा एक, गुडघ्यांतील संधिवातही एकच. परंतु नागरिक मात्र दोन, एक कॅनडाचा व दुसरा अमेरिकेचा. हे दोघे एकाच खुर्चीवर बसून हा लेख लिहीत आहेत. दोघांत अद्यापि हातघाई झालेली नाहीं, याचें मुख्य कारण दोघेही मूळचे सांगलीचे, हें असावें.

हे दोन नागरिक दोन निळ्या पुस्तिकांत राहतात. कॅनडाचा पासपोर्ट गर्द निळा, अमेरिकेचाही गर्द निळा, आणि जो आम्हीं पूर्वीच हातावेगळा केला तो भारताचाही निळाच. सृष्टींत रंगांचा तुटवडा नसतां आमच्या वांट्यास आलेल्या तिन्ही राज्यांनीं एकच रंग पसंत करावा, हा योगायोग घाईच्या वेळीं फार महागांत पडतो. पिशवींत हात घालावा तों नेमका नको तो हातीं यावा, असें दोनचारदां झालें. ही कागाळी सांगलीच्या मुक्कामांत आमच्या मातोश्रींच्या कानीं गेली, तेव्हां त्यांनीं आपलें एक जुनें इरकली लुगडें काढलें व त्याचे दोन अभ्रे शिवून दिले. तांबड्या पदराचा कॅनडास आणि हिरव्या अंगाचा अमेरिकेस. “कुठला कुठें दाखवायचा तें तूं लक्षांत ठेव. मी आपले रंग वेगळे करून दिले,” असें त्या म्हणाल्या. विमानतळावरील अधिकारी हे अभ्रे काढावयास लावतात, व काढून झाल्यावर आम्ही ते पुन्हां घालतों.

हें दुहेरीपण आम्हांस कसें प्राप्त झालें, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आमचा जन्म १९५८ चा. १९८६ सालीं नोकरीच्या निमित्तानें आम्ही टोरांटोस गेलों आणि १९९२ सालीं कॅनडाचे नागरिक झालों. त्या देशाचा नागरिक होतांना राणी दुसरी एलिझाबेथ, तिचे वारस व उत्तराधिकारी यांच्याशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागे. आतां, आमचे तीर्थरूप १९४२ च्या चळवळींत आठ महिने तुरुंगांत राहून आलेले. वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ रोजीं सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, ती हकीकत ते इतक्या रंगानें सांगत कीं हेही त्या दिवशीं तटावरून उडी घेणाऱ्यांत होते असें ऐकणारास वाटावें. वस्तुतः ते तेव्हां सुटून घरीं आलेले होते व ओसरीवर बसून इंग्रजीचा अभ्यास करीत होते. अशा गृहस्थाच्या मुलानें बरोबर पन्नास वर्षांनीं हात वर करून इंग्लंडच्या राणीशीं इमान बांधावें! पत्र लिहितांना आमचा हात अडखळत होता. त्यांचें उत्तर आलें तें असें: “त्या बाईंच्या वडिलांनीं आम्हांस आंत ठेविलें. तूं आतां त्यांच्या लेकीशीं नीट वाग. दोन घरांतला हिशेब मिटला असें समजूं. शपथ इंग्रजींत घेतलीस, तेव्हां विशेष वाईट वाटण्याचें कारण नाहीं.” पत्राच्या कडेला मातोश्रींनीं थंडींत कान बांधून जाण्याविषयीं दोन ओळी लिहिल्या होत्या.

इंग्रजींत घेतलेल्या शपथेचा परिणाम मात्र मराठींत झाला. दुसऱ्या देशाचें नागरिकत्व स्वेच्छेनें पत्करणारा मनुष्य भारताचा नागरिक राहत नाहीं, हें तत्त्व आपल्या घटनेच्या ९ व्या कलमांत आलेलें आहे, आणि १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यानेंही त्यासाठीं ९ वेंच कलम राखून ठेविलें आहे. यास कोणी न्यायाधीश लागत नाहीं, नोटीस लागत नाहीं, साक्षीपुरावा लागत नाहीं. कॅनडाच्या शपथेचें शेवटचें अक्षर तोंडावाटे बाहेर पडलें त्या क्षणीं आम्ही परके झालों. पुढें कांहीं दिवसांनीं आम्हीं आपला भारतीय पासपोर्ट एका खिडकीच्या कांचेखालून आंत सारला. कोपरा कापून व ‘रद्द’ असा शिक्का मारून तो आम्हांस परत मिळाला. त्या वेळीं आम्हांस विशेष कांहीं वाटलें नाहीं. बाहेर मोटार उभी करावयाच्या जागेची मुदत संपत आली होती आणि सारें लक्ष तिकडे होतें.

भारताचा कायदा या बाबतींत मानी स्त्रीसारखा आहे. सवत त्यास खपत नाहीं. तुम्हीं दुसरें घर केलें कीं पहिल्या घराचें दार आपोआप लागतें. ही उपमा आमची आहे असें मात्र कोणी समजूं नये. जॉर्ज बॅन्क्रॉफ्ट हे अमेरिकन इतिहासकार लंडनच्या दरबारीं आपल्या देशाचे वकील होते, तेव्हां १८४९ सालीं त्यांनीं लॉर्ड पामर्स्टन यांस लिहिलें होतें, कीं दोन बायका करणारा मनुष्य जितका सोसवेल तितकाच दोन देशांचा मनुष्य सोसवेल. बॅन्क्रॉफ्टसाहेबांचा हा संताप अकारण नव्हता. इंग्लंडचा त्या काळचा सिद्धांत असा, कीं राजाच्या राज्यांत जन्मलेला मनुष्य मरेपर्यंत राजाचाच. तो अमेरिकेंत जाऊन कितीही शपथा घेवो. या सिद्धांताच्या बळावर इंग्रजी लढाऊ गलबतें भर समुद्रांत अमेरिकन गलबतें अडवीत व त्यांवरील खलाशी ‘हे आमचे’ म्हणून ओढून नेत. १८१२ सालीं या दोन राष्ट्रांत जें युद्ध पेटलें त्याच्या कारणांपैकीं हें एक. पुढें बॅन्क्रॉफ्ट यांनीं १८६८ त उत्तर जर्मनीच्या संघराज्याशीं तह करून, देशांतर केलेल्या माणसाचें नवें नागरिकत्व जुन्या राज्यानें मान्य करावें, असें ठरवून घेतलें. आणि १८७० सालीं इंग्लंडनेंही आपला हट्ट सोडला. प्रत्येक माणसास एक राष्ट्रीयत्व असावें आणि एकच असावें, ही इच्छा १९३० च्या हेगच्या करारांतही प्रस्तावनेंतच व्यक्त झालेली आहे. ज्यांच्या वकिलानें एवढी तक्रार केली त्याच अमेरिकनांच्या राज्यांत आम्ही आज दोन घरें उघडपणें करून राहिलों आहों. इतिहासास विनोदाचें अंग नाहीं असें कोण म्हणतो?

आमच्या टोरांटोच्या वास्तव्यांत एका गोमंतकीय गृहस्थांचा स्नेह जडला होता. त्यांची गोष्ट आमच्याहून बिकट. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यांत जन्मलेल्या माणसास, त्याच्या मुलांस व नातवंडांस पोर्तुगाल आपलें नागरिकत्व देऊं करतें. लिस्बनच्या दप्तरीं जन्माची रीतसर नोंद मात्र झाली पाहिजे. भारत यास दुसरें घर म्हणतो आणि पोर्तुगाल म्हणतें कीं हें पहिलेंच. “तुम्ही देश सोडून आलांत,” ते आम्हांस म्हणत, “मी जागचा हललों नव्हतों. पाळण्यांत होतों.” यावर काय बोलावें हें आम्हांस सुचत नसे.

सन २००० त नोकरीच्याच पायीं आमचें बिऱ्हाड डेट्रॉइटच्या एका उपनगरांत आलें, आणि २००६ सालीं आम्ही अमेरिकेच्या शपथेस उभे राहिलों. ही शपथ कॅनडाच्या शपथेहून कडक आहे. आजवर ज्या ज्या परक्या राजाचे किंवा राज्याचे आपण प्रजाजन होतों त्या सर्वांवरील निष्ठेचा पूर्ण त्याग करतों, असें तींत स्पष्ट वदवून घेतात. सभागृहांत शेंकडों माणसें उभीं होतीं. आमच्या डाव्या हातास एक वृद्ध इराकी बाई होती आणि तिचा उजवा हात वर राहवत नव्हता म्हणून तिच्या नातवानें तो धरून ठेविला होता. त्या सर्वांबरोबर आम्हींही राणीसाहेबांचा त्याग केला. सायंकाळीं घरीं येऊन कपाट उघडलें तों तांबड्या पासपोर्टास कांहींच झालें नव्हतें. कॅनडाचा कायदा १५ फेब्रुवारी १९७७ पासून असा आहे, कीं त्याचा नागरिक दुसऱ्या देशाचा झाला तरी कॅनडा त्यास सोडीत नाहीं. सोडचिठ्ठी हवी असेल तर ती त्यानेंच अर्ज करून मागावी. आम्हीं ती मागितली नाहीं. अमेरिकेनेंही, तुम्हीं ती मागितली काय, असें विचारलें नाहीं.

म्हणजे आम्हीं खोटें बोललों काय? हरिश्चंद्राच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसास हा प्रश्न झटकून टाकतां येत नाहीं. आमच्या ओळखीचे एक वकील म्हणाले, कीं शपथ ही निष्ठेविषयीं आहे, पासपोर्टाविषयीं नाहीं. निष्ठा अंतःकरणांत असते व पासपोर्ट कपाटांत. वकिलास शोभणारें हें उत्तर आहे. तें कायद्यानें बरोबर असेल, किंबहुना आहेच. परंतु त्यानंतर बरेच दिवस तांबडा अभ्रा हातीं आला म्हणजे दुसऱ्याची वस्तु उचलल्यासारखें आम्हांस वाटे.

या संकोचांत असतांनाच आम्हीं कावाकिता नांवाच्या माणसाच्या खटल्याची हकीकत वाचली. तोमोया कावाकिता १९२१ सालीं कॅलिफोर्नियांत जपानी आईबापांच्या पोटीं जन्मला. भूमीमुळें अमेरिकन, रक्तामुळें जपानी. १९३९ त अमेरिकन पासपोर्टावर तो जपानांत गेला, युद्ध पेटल्यावर तेथेंच राहिला, घराण्याच्या नोंदवहींत आपलें नांव घालून घेतलें, आणि जेथें अमेरिकन युद्धकैद्यांस राबवीत अशा एका कारखान्यांत दुभाष्या झाला. कैद्यांशीं तो क्रूरपणें वागला. युद्ध संपल्यावर तोच पुन्हां अमेरिकन पासपोर्ट काढून १९४६ त परतला. लॉस एंजेलिसच्या एका दुकानांत त्याच्या हातचा मार खाल्लेला एक शिपाई सामान घेत होता. त्यानें त्यास ओळखलें. त्या काळीं आपण जपानी होतों, सबब अमेरिकेचा द्रोह आपल्याकडून घडणेंच शक्य नव्हतें, असा कावाकिताचा बचाव होता. दोन देशांचा नागरिक दोहोंच्याही इमानानें बांधलेला असतो, असें म्हणून वरिष्ठ न्यायालयानें १९५२ सालीं चार विरुद्ध तीन मतांनीं त्याची देहांताची शिक्षा कायम केली. पुढच्या वर्षीं ती जन्मठेपेवर आली, आणि १९६३ त त्यास कायमचा जपानांत पाठवून देण्यांत आलें.

ही कथा वाचतांना आपल्याकडील वाचकास कर्णाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. तोही दोन घरांचा. युद्धापूर्वी कृष्णानें त्यास जन्माचें रहस्य सांगितलें तेव्हां तो मोठ्या मानानें पलीकडे जाऊं शकला असता, आणि पलीकडचा पक्ष जिंकणार हेंही त्यास दिसत होतें. तो गेला नाहीं. कावाकिता मात्र जेव्हां जें घर सोयीचें तेव्हां तें आपलें म्हणत गेला. आम्हांस कर्ण होण्याचा प्रसंग आलेला नाहीं. अमेरिका व कॅनडा या दोन राज्यांत १८१५ नंतर युद्ध झालेलें नाहीं, आणि आमच्या इमानाची कसोटी काय ती बर्फावरील हॉकीच्या सामन्यांत लागते. परंतु ‘सोयीचें घर’ हे दोन शब्द मनास टोंचत राहिले.

आतां सोयीविषयींच लिहावयाचें तर ती लोकांस वाटते तितकी मोठी नाहीं. डेट्रॉइट व विंडसर यांमध्यें एक नदी आहे व तिच्यावर ॲम्बॅसडर ब्रिज नांवाचा पूल आहे. येथील भूगोल मोठा थट्टेखोर आहे. कॅनडा अमेरिकेच्या उत्तरेस, असें शाळेंत घोकलेलें. परंतु येथें कॅनडांत जावयाचें तर दक्षिणेकडे जावें लागतें. हा पूल १९२९ सालीं खुला झाला. आमच्या सांगलीचा कृष्णेवरील आयर्विन पूलही त्याच सालचा. लहानपणीं त्या पुलावरून आम्ही सांगलीवाडीस जात असूं, आणि कोठें चाललां असें कोणी विचारलेंच तर तो ओळखीचा भाजीवाला असे. ॲम्बॅसडर ब्रिजवर मात्र प्रत्येक खेपेस विचारतात. आमची कन्या टोरांटोस असते, त्यामुळें खेपा पुष्कळ होतात. जातांना तांबडा दाखवावयाचा, येतांना हिरवा. एकदां रात्रीं झोंपेच्या गुंगींत येतांना तांबडाच पुढें केला. अधिकाऱ्यानें सहज विचारलें, “अमेरिकेंत किती दिवस राहणार?” आम्हीं खरें तें सांगितलें, कीं देवाची मर्जी असेल तोंवर. त्या उत्तरापायीं बाजूच्या खोलींत पाऊण तास बसावें लागलें. अमेरिकन नागरिकानें अमेरिकन पासपोर्टावरच देशांत शिरलें पाहिजे व त्यावरच देशाबाहेर पडलें पाहिजे, असा तेथील कायदा आहे, आणि कोणत्या अभ्र्याचें लुगडें आईचें होतें याच्याशीं त्यास कर्तव्य नाहीं.

विमानाचा प्रवास याहून नाजूक. ज्या देशांत शिरावयाचें तेथील पासपोर्ट विमान कंपनीस दाखवावयाचा. ज्या पुस्तिकेवर शिरलों तिच्यावरच तेथून बाहेर पडावयाचें. परततांना कंपनीस पुन्हां दुसरी दाखवावयाची, कारण तीवांचून ती आपणांस विमानांत घेत नाहीं. हें सर्व एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत जाण्याच्या अवकाशांत साधावें लागतें, आणि त्यांत तिकिटावर नांव एकच असतें. आमचें नांव दोन पासपोर्टांत दोन प्रकारचें आहे. कॅनडाच्या कारकुनानें आमच्या नांवापुढें वडिलांचें नांव घातलें. अमेरिकेच्या कागदांत तें गळालें. चौकींतला तरुण अधिकारी एकदां दोन्ही पुस्तिका शेजारीं ठेवून म्हणाला, कीं यांत हा मधला इसम कोण? तो मधला इसम आमचा बाप, आणि तो १९४२ सालीं तुरुंगांत गेला होता, हें त्यास सांगण्याची ती वेळ नव्हती.

आणखी एक भेद आहे व तो आम्हांस फार उशिरां दिसला. परदेशीं जन्मलेल्या नागरिकाचें जन्मस्थान अमेरिकन पासपोर्टांत नुसत्या देशाच्या नांवानें छापतात. तेथें आमच्यापुढें ‘इंडिया’ एवढेंच आहे. कॅनडाच्या पासपोर्टांत गांवाचें नांव असतें. तेथें ‘सांगली’ आहे. या एका ओळीसाठीं आम्हीं पुढें दहा वेळां कॅनडाच्या पासपोर्टास झुकतें माप दिलें, हें येथें कबूल करतों.

दोन पासपोर्ट म्हणजे दुप्पट संरक्षण, अशी एक समजूत आहे. तीही खरी नव्हे. हेगच्या त्याच कराराचें ४ थें कलम सांगतें, कीं दोन देशांच्या नागरिकास त्यांपैकीं एका देशाविरुद्ध दुसऱ्यास पाठीशीं घालतां येणार नाहीं. अमेरिकेंत आम्ही संकटांत सांपडलों तर कॅनडाच्या वकिलातीनें चौकशीपलीकडे कांहीं करावें अशी अपेक्षा व्यर्थ. कर मात्र सुटत नाहीं. आपला नागरिक पृथ्वीच्या कोणत्याही टोंकास असो, त्याच्या उत्पन्नाचा हिशेब अमेरिका मागते. क्यूबांत कॅनडाचे लोक हिंवाळ्यांत सुखानें जातात, तेव्हां तांबडा पासपोर्ट दाखवून आपणही जाऊं, अशी सूचना आमच्या कुटुंबाकडून आली होती. परंतु पुस्तिका घरीं ठेविली म्हणून अमेरिकेचा निर्बंध घरीं राहत नाहीं. तो अंगावरच्या कातडीसारखा बरोबर येतो. आम्ही गेलों नाहीं.

भारतांत येण्यास आमच्याजवळ तिसरें एक साधन आहे. त्यास ओ. सी. आय. म्हणतात. यांतील मधलें अक्षर नागरिकत्वाचें आहे, आणि नागरिकत्व तेवढ्या अक्षरापुरतेंच आहे. या कार्डावर मत देतां येत नाहीं, शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. मात्र जन्मभर व्हिसावांचून येतां जातां येतें. ही योजना निघाल्यावर लवकरच आम्हीं तें काढलें, आणि सांगलीचें नांव असलेल्या पासपोर्टावरच काढलें. दरवर्षीं येऊं लागलों. तीर्थरूप तोंपर्यंत निवर्तले होते. मातोश्री थोरल्या बंधूंपाशीं, जुन्या घरांत. आमच्या मनांतील टोंचणी हळूहळू बोथट झाली. तीन तीन दारें उघडीं असलेल्या माणसानें दाराचा विचार कां करावा?

मग २०२० साल आलें. २१ मार्चपासून ॲम्बॅसडर ब्रिज अनावश्यक प्रवासास बंद झाला. ज्या पुलावर मोटारींची रांग हटत नसे तेथें मालमोटारीच काय त्या दिसूं लागल्या. ज्यास दोन्ही राज्यें घरचा म्हणतात अशा आम्हांस मात्र कोणीही अडवीत नव्हतें. एप्रिलांत आम्ही कन्येकडे गेलों, नियमाप्रमाणें चौदा दिवस तिच्या तळघरांत बसलों, नातीशीं जिन्याच्या वरच्या पायरीवरून बोललों आणि परत आलों. दोन पासपोर्टांचें खरें चीज झालें तें त्या महिन्यांत. शेजारी हेवा करीत होते, व आम्हांसही थोडा गर्व झाला होता.

५ मे रोजीं सांगलीहून दादांचा फोन आला, कीं मातोश्रींस अर्धांगाचा झटका आला आहे. वय सत्त्याऐशीं. ओ. सी. आय.ची सवलत इतर व्हिसांबरोबर १३ मार्चपासून स्थगित झालेली होती. ७ मेपासून परदेशीं अडकलेल्यांस नेणारीं खास विमानें सुटूं लागलीं, परंतु तीं भारतीय पासपोर्ट असणारांसाठीं होतीं. आम्हीं फोन केले, अर्ज केले, पत्रें लिहिलीं. सगळीकडे सभ्य उत्तरें मिळालीं. आमच्या ओळखीचा मिरजेचा एक विद्यार्थी होता. कॉलेज बंद पडून वसतिगृह सुटलेला, खिशांत पैसे नसलेला. त्यास जागा मिळाली. निघण्यापूर्वी तो भेटावयास आला व अंगणांत दूर उभा राहून, सांगलीस कांहीं द्यावयाचें आहे काय, असें त्यानें विचारलें. मातोश्री दरवर्षीं आमच्याकडून गुडघ्यास लावण्याचें एक मलम मागवीत असत. दुसरें कांहीं न सुचल्यानें त्याच्या दोन नळ्या आम्हीं पिशवींत घालून कुंपणावर ठेविल्या. त्यानें पिशवी उचलली. त्याच्या बगलेंत निळा पासपोर्ट होता.

मातोश्री १४ मे रोजीं गेल्या. तेव्हां अंत्ययात्रेस वीस माणसांची मर्यादा होती. दादांनीं फोन हातांत धरून आम्हांस दाखविलें तेवढें आम्हीं पाहिलें. घरांत मृत्यु ओढवला असेल अशा ओ. सी. आय. धारकांस येण्याची मुभा देणारा हुकूम २२ मे रोजीं निघाला. मलम जूनच्या आरंभीं पोंचलें.

यांत कोणास दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. सर्व जगानें दारें लावून घेतलीं होतीं, आणि दार लावतांना घरांतलीं माणसें आधीं मोजावीं हें घरधन्याचें कर्तव्यच आहे. परंतु त्या नऊ दिवसांत आम्हांस अमेरिकेची शपथ एकदांही आठवली नाहीं, व तिच्या खरेखोटेपणाचा तो सगळा काथ्याकूटही आठवला नाहीं. आठवत होती ती १९९२ मधील खिडकी, कांचेखालची ती फट, आणि मोटारीच्या जागेची आम्हांस लागलेली घाई.

फेब्रुवारी २०२१ मध्यें आम्ही सांगलीस जाऊं शकलों. मुंबईच्या विमानतळावर अधिकारी मराठी होता. तांबडा अभ्रा बाजूस ठेवून त्यानें पासपोर्ट उघडला व म्हणाला, “सांगली? गांवांत कीं विश्रामबागेकडे?” गांवांत, असें आम्हीं सांगितलें. त्यानें शिक्का मारला.

घरीं दादांनीं मातोश्रींची पेटी उघडून ठेविली होती. आमचा कोपरा कापलेला पासपोर्ट तींत निघाला. तो आम्हीं पूर्वी त्यांच्याचपाशीं ठेवावयास दिला होता हें आम्ही विसरलों होतों. त्याच्याखालीं घराचें रेशनकार्ड. पांढऱ्या रंगाचें, त्यावर धान्य किंवा साखर कांहींच मिळत नसे, म्हणूनच तें कोणीं बारकाईनें पाहिलेलें नव्हतें. जुन्या कार्डावरून नव्यावर नांवें उतरतांना मातोश्रींनीं प्रत्येक वेळीं आमचेंही उतरवून घेतलें होतें. नांव, वय, कुटुंबप्रमुखाशीं नातें: मुलगा. घटना, कायदा व दोन परकीं राज्यें यांच्या मतें सुमारें एकोणतीस वर्षें आम्ही ज्या घरचे नव्हतों त्या घरांत आम्ही तिसऱ्या क्रमांकावर राहत होतों.

“आईचें नांव कमी करायचा अर्ज आणलाय,” दादा म्हणाले. “तुझेंही त्याबरोबरच करून टाकूं. पुन्हां खेटे नकोत. इथें भर.”

अर्जांत कारणासाठीं एक रकाना होता. दादांनीं मातोश्रींच्या नांवापुढें मृत्यु असें लिहिलें होतें. आम्हीं आपल्या नांवापुढें स्थलांतर असें लिहिलें. पुढच्या रकान्यांत तारीख हवी होती. आम्हीं १९८६ लिहिलें. मग तें खोडून १९९२ लिहिलें.

“खाडाखोड चालत नाहीं,” असें म्हणून दादांनीं दुसरा कोरा अर्ज पुढें सरकविला.